गाडीचा रिमोट रुसतो तेव्हा...

पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. करंजाडेतील एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावरील वाहनतळात सामानाच्या पिशव्या, झोपेतून उठवलेली मुले आणि गावी जायला उत्सुक असलेली आजी, असे सारे कुटुंब गाडीभोवती गोळा झालेले असते. चावीवरचे बटण दाबले जाते, आणि काहीच होत नाही. दिवे लुकलुकत नाहीत, दारे उघडत नाहीत. मग बटण जोर लावून दाबले जाते, हात उंचावून दाबले जाते, चावी तळहातावर आपटून पुन्हा दाबले जाते. वॉचमन येतो, शेजारचे कुणी खिडकीतून डोकावते आणि 'चावीच गेली, आता शोरूमलाच न्यावी लागणार' असा निकाल उभ्याउभ्या दिला जातो.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. सिडकोने पनवेलला खेटून वसवलेल्या या वसाहतीत पहाटे रिक्षा मिळणे अवघड. दुरुस्तीची दुकाने उघडायला तर आणखी पाच-सहा तास लागणार. अशा वेळी गाडी जागच्या जागी उघडता येते आणि सुरूही करता येते, हे ठाऊक असेल तर प्रवास वाचतो. ठाऊक नसेल तर शंभर रुपयांच्या आतबाहेर किमतीच्या सेलपायी काही हजारांची नवी चावी गळ्यात पडण्याची शक्यता असते.

एका कवचात तीन चाव्या

गोंधळाचे मूळ नावातच आहे. आपण जिला 'रिमोट' म्हणतो, त्या प्लास्टिकच्या कवचात एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या तीन वस्तू एकत्र नांदत असतात. पहिली म्हणजे धातूचे पाते. ते दाराच्या कुलपात चालते आणि त्याला विजेशी काही देणेघेणे नसते. दुसरी वस्तू म्हणजे दारांना हुकूम सोडणारा छोटा रेडिओ प्रक्षेपक. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत तो ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो (अमेरिकेत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झ वापरतात). सेल लागतो तो प्रामुख्याने याला. तिसरी वस्तू सर्वांत दुर्लक्षित. ती म्हणजे 'इमोबिलायझर'ची चिप. मारुतीच्या गाड्यांत हीच व्यवस्था 'आय-कॅट्स' या नावाने ग्राहकांना परिचित झाली.

या चिपची गंमत अशी की, तिला स्वतःचा सेल लागत नाही. चावी फिरवण्याच्या जागेभोवती, किंवा 'स्टार्ट' बटणाच्या मागे, तारेचे एक वेटोळे असते. ते साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. चिप काही सेंटिमीटर अंतरावर आली की त्या क्षेत्रातूनच तिला ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली तर इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक इंजिन सुरू होऊ देतो, न पटल्यास देत नाही. म्हणजे चावीतला सेल पूर्ण मेला तरी चिप जिवंत असते. दार पात्याने उघडावे आणि इंजिन चिपने सुरू करावे, हा पहाटेच्या प्रसंगावरचा सरळ उतारा आहे.

दुरून दारे उघडण्याची ही सोय तशी जुनी आहे. १९८२ साली फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने आपल्या 'फ्युएगो' या गाडीत ती प्रथम दिली. आपल्याकडे मात्र बरीच वर्षे बाजारातून बसवून घेतलेले 'सेंट्रल लॉकिंग' हाच तिचा अवतार होता. ज्यांच्या जुन्या गाडीत आजही असा बाहेरून बसवलेला संच आहे, त्यांच्या बाबतीत रिमोट आणि मूळ चावी या दोन सर्वस्वी वेगळ्या वस्तू असतात, हेही लक्षात ठेवलेले बरे.

आधी दार, मग दोष

अडकलेल्या माणसाने दोष शोधत बसण्याआधी गाडीत शिरावे. घडीच्या चावीचे पाते समोरच असते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या 'स्मार्ट' चावीतही पाते असतेच; कडेची छोटी खीळ सरकवली की ते उपसून बाहेर येते. कित्येक मालकांना चार-चार वर्षे गाडी वापरूनही त्याचा पत्ता नसतो. काही गाड्यांत दाराचे कुलूपही दिसत नाही, कारण ते हँडलच्या टोकाला असलेल्या प्लास्टिकच्या झाकणाखाली दडवलेले असते. त्या झाकणाच्या तळाशी फट असते. तेथून ते अलगद उचकटते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत याचे चित्र असते. ती पुस्तिका गाडीच्या खणात बंद असण्याचीच शक्यता अधिक असल्याने त्या पानाचे छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवणे शहाणपणाचे.

पात्याने दार उघडताच अनेक गाड्या चोर शिरल्याचे समजून भोंगा वाजवू लागतात. पहाटेच्या शांततेत साऱ्या इमारतीला जाग येते आणि मालक घाबरून दार पुन्हा लावून टाकतो. तसे करू नये. आत बसून चावी लावावी व फिरवावी. चिपची ओळख पटली की भोंगा थांबतो. बटणाच्या गाडीत ब्रेक दाबून चावी 'स्टार्ट' बटणाला अगदी टेकवून धरावी आणि बटण दाबावे. काही गाड्यांत चावीच्याच टोकाने ते बटण दाबायचे असते, तर काहींत चावी ठेवण्यासाठी खण किंवा पेल्याच्या जागेत खूण केलेली असते. जागा बदलते, पण तत्त्व एकच: चिप वेटोळ्याजवळ नेणे. पात्याने बहुधा चालकाचे एकच दार उघडते. बाकीची आतून उघडावी लागतात.

दुसरी चावी काय सांगते?

गाडी सुरू झाली, प्रवास झाला. आता दोष शोधायचा. मेकॅनिककडे जाण्याआधी कपाटात ठेवलेली दुसरी चावी काढावी. ती चालली तर गाडी निर्दोष, दोष पहिल्या चावीत. दोन्ही चालल्या नाहीत तर संशय गाडीच्या बॅटरीवर, गाडीतील संदेशग्राहकावर किंवा त्या जागेवर घ्यावा लागतो. निदानाचे निम्मे काम या एका प्रयोगात होते. अट इतकीच की दुसऱ्या चावीतला सेल ठीक असावा. कपाटात नुसता पडून राहिलेला सेलही वर्षागणिक क्षीण होतो. त्यामुळे दोन्ही चाव्या गाडी घेतल्यापासून तशाच असतील तर दोघींनी एकाच महिन्यात मान टाकणे अशक्य नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून दिवा दिसतो का, हे पाहण्याची युक्ती अनेक जण सांगतात. ती दूरचित्रवाणी संचाच्या रिमोटसाठी आहे. त्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निघतो, तो कॅमेऱ्याला दिसतो. गाडीच्या आजच्या चाव्यांतून रेडिओ लहरी निघतात. त्या कोणत्याही कॅमेऱ्यात दिसायच्या नाहीत.

सेलची लक्षणे

सेल एकाएकी मरत नाही. आधी खुणा देतो. पूर्वी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून उघडणारी गाडी आता पाच पावलांवरून उघडू लागते. बटण दोन-तीनदा दाबावे लागते. चावीवरचा लाल ठिपका मंद होतो. नव्या गाड्या तर समोरच्या पडद्यावर चावीचा सेल संपत आल्याची सूचना देतात. आपण ती इतर सूचनांबरोबर पुसून टाकतो. थंडीच्या सकाळी सेल आणखी मंदावतो, म्हणून रात्री चाललेली चावी पहाटे चालत नाही आणि दुपारी पुन्हा चालते, असा चकवाही होतो. साधारणपणे वापरानुसार एक ते तीन वर्षे हे त्याचे आयुष्य समजावे.

काही सवयींनी ते आणखी घटते. स्मार्ट चावी गाडीशी सतत हळू आवाजात बोलत असते. तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर घर आणि भिंतीपलीकडेच गाडी, अशी रचना असेल आणि चावी त्याच भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली असेल, तर हा संवाद रात्रभर चालू राहतो व सेल लवकर संपतो. चावी दूरचित्रवाणी संच किंवा मोबाइल चार्जरला चिकटून ठेवणेही टाळावे.

सेल विकत घेताना त्यावरचा क्रमांक पाहावा. 'सीआर २०३२' हे नाव दिसायला गूढ असले तरी ते सरळ माप आहे. 'सी' म्हणजे लिथियमची विशिष्ट जात, 'आर' म्हणजे गोल, २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. त्याच हिशेबाने २०२५ हा अडीच मिलिमीटर जाडीचा, तर १६२० हा १६ मिलिमीटर व्यासाचा आणि दोन मिलिमीटर जाडीचा. तिघांचाही दाब तीन व्होल्टच. त्यामुळे 'दोन्ही एकच, बसवून टाका' असे सांगणारे दुकानदार भेटतात. जागेपेक्षा पातळ सेल आत सैल राहतो आणि चावी हलली की संपर्क तुटतो. जाड सेल कोंबला तर पितळी पट्ट्या कायमच्या वाकतात. जुना सेल सोबत नेऊन त्याच क्रमांकाचा, नामवंत कंपनीचा आणि मुदत पाहून घ्यावा. सुट्या डब्यातला, वेष्टनाविना ठेवलेला सेल स्वस्त पडला तरी घेऊ नये; डब्यात एकमेकांना टेकलेले सेल तिथेच रिते होत असतात.

सेल बदलण्याचे काम पाच मिनिटांचे आहे. पाते उपसले की त्या जागी किंवा कडेला खाच दिसते; त्यात पाते, नाणे किंवा कापड गुंडाळलेला स्क्रू ड्रायव्हर घालून अलगद फिरवले की कवचाचे दोन भाग होतात. काही चाव्यांत आधी एक बारीक स्क्रू काढावा लागतो. तो न काढता जोर लावणे हे कवच फुटण्याचे नेहमीचे कारण. आतले दृश्य दिसताच छायाचित्र काढावे, कारण सेलची अधिक खुणेची बाजू काही चाव्यांत वर असते, काहींत खाली. नवा सेल कडेने धरावा. घामट बोटांचा थर दोन्ही पृष्ठांवर बसू देऊ नये. घरात मल्टिमीटर असेल तर नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली उतरलेला सेल बदलावा. मात्र मीटरवर तीन दाखवणारा जुना सेलही बटण दाबताक्षणी ढेपाळू शकतो, म्हणून मीटरपेक्षा नवा सेल टाकून पाहणे हीच खरी परीक्षा.

एक नवीच अडचण अलीकडे उद्भवली आहे. लहान मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या त्यावर कडू लेप देतात. हा लेप काही चाव्यांत नेमका संपर्काच्या ठिकाणी येतो आणि कोरा करकरीत सेल घालूनही चावी मुकी राहते. थोड्या स्पिरिटने ती जागा पुसावी किंवा लेप नसलेला सेल घ्यावा.

कडू लेपाचे कारण मात्र गंभीर आहे. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर तेथील ओलाव्यात त्यातून विद्युतप्रवाह वाहू लागतो आणि दोन तासांच्या आतच ऊतींना खोल भाजल्यासारखी इजा होऊ शकते. जुना सेल टेबलावर विसरू नये. तो चिकटपट्टीत गुंडाळून ई-कचऱ्यात द्यावा. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता थेट एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

नव्या सेलनेही काम झाले नाही तर...

प्रथम सेल उलटा बसला नाही ना, हे पाहावे; असे फार वेळा होते. मग पट्ट्या. त्या सेलला नीट टेकत नसतील तर लाकडी काडीने किंचित उचलाव्यात. बटणाखालचा इवलासा स्विच दाबल्यावर 'टिक' असा स्पर्श जाणवत नसेल तर तो झिजला आहे. हा स्विच व सेलच्या पट्टीचा तुटलेला डाग हे दोन्ही मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर काही मिनिटांत पुन्हा जोडून देतो. पनवेलच्या बाजारपेठेत असे कारागीर मिळणे कठीण नाही. त्यासाठी नवी चावी लागत नाही.

कधी दोष विजेचा नसून हिशेबाचा असतो. चोराने संदेश टिपून पुन्हा वाजवू नये म्हणून चावी दरवेळी नवा सांकेतिक अंक पाठवते आणि गाडीही आपल्याकडे तोच हिशेब ठेवते. दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात विकसित झालेली आणि नंतर अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने घेतलेली 'कीलॉक' ही या पद्धतीची गाजलेली आवृत्ती. तिच्या नेहमीच्या मांडणीत चावीचा अंक गाडीच्या अंकापेक्षा सोळापर्यंत पुढे गेलेला असला तर गाडी निमूट उघडते. त्याहून पुढे गेला तर लागोपाठचे दोन संदेश ऐकल्यावरच ती विश्वास ठेवते. घरातल्या लहानग्याने खेळणे समजून दुपारभर बटण दाबले असेल तर संध्याकाळी गाडी पहिल्या दाबाला दाद देत नाही, ती यामुळे. गाडीजवळ उभे राहून तेच बटण दोन-तीनदा सावकाश दाबावे. तेवढ्याने न भागल्यास गाडी सुरू करून बंद करावी व पुन्हा दाबावे. काही गाड्यांत चावी नव्याने जुळवण्याची कृती पुस्तिकेत दिलेली असते. प्रत्येक कंपनीची ती निराळी, म्हणून ऐकीव कृती करून पाहू नये.

टोयोटाच्या काही स्मार्ट चाव्यांत सेल वाचवण्यासाठी चावीला झोपवण्याची सोय आहे. बंद करण्याचे बटण धरून उघडण्याचे बटण दोनदा दाबले की ती झोपते. खिशात, पर्समध्ये हे चुकून घडते आणि दार हात लावताच उघडेनासे होते. कोणतेही बटण दाबले की ती जागी होते.

सर्वांत महाग पडणारी चूक वेगळीच आहे. कवच झिजले, बटणाचे रबर फाटले म्हणून रस्त्यावरच्या दुकानात नवे कवच बसवून घेतले जाते. कारागीर जुन्या कवचातून रिमोटची पट्टी काढून नव्यात टाकतो, दारे झकास उघडतात, पैसे दिले जातात आणि इंजिन मात्र सुरू होत नाही. कारण अनेक चाव्यांत इमोबिलायझरची चिप पट्टीवर नसते. ती कवचाच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या काचनळीच्या किंवा काळ्या वडीच्या रूपात वेगळी खोचलेली असते आणि जुन्या कवचाबरोबर कचऱ्याच्या डब्यात जाते. कवच बदलून घेताना समोर उभे राहावे, जुने कवच हातात मागून घ्यावे आणि इंजिन सुरू झाल्यावाचून दुकान सोडू नये.

पावसाळा

खाडीकाठची दमट हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस, हे पनवेल परिसरातील चाव्यांचे वार्षिक संकट. भिजलेल्या रेनकोटच्या खिशात दिवसभर राहिलेली चावी संध्याकाळी बंद पडते. कपड्यांबरोबर धुलाई यंत्रात गेलेलीही असते. अशा चावीचे बटण 'चालते का' म्हणून दाबू नये. सेल लगेच काढावा. पाण्याबरोबर वीज खेळली की तांब्याच्या रेषा गंजतात. साबणाचे किंवा खारे पाणी शिरले असेल तर पट्टी आधी स्वच्छ पाण्याने, मग शक्यतो आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी आणि पंख्याच्या वाऱ्यात एक-दोन दिवस ठेवावी. तांदळाच्या डब्यात पुरण्याने पंख्यापेक्षा अधिक काही साधत नाही, उलट पिठाचा कण बटणाखाली जातो. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा प्लास्टिक वाकवते. पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर खोडरबराने हलके घासून काढावा. ज्या चावीत चिप वेगळी असते, तिची दारे उघडेनाशी झाली तरी इंजिन बहुधा सुरू होते.

दोन्ही चाव्या मुक्या

येथे पहिला संशय बोनेटखालच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर घ्यावा. गणपतीची किंवा मे महिन्याची सुट्टी काढून दोन-तीन आठवड्यांनी परतलेल्या कुटुंबाची गाडी उघडत नाही, ती बहुतेक याच कारणाने. गाडी बंद असतानाही भोंगा, संदेशग्राहक, मागोवा घेणारे यंत्र थोडी थोडी वीज खात असतात. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते; बाराच्या खाली गेली की काहीही बेभरवशाचे. पात्याने दार उघडल्यावर आतला दिवाही लागत नसेल तर चावीला दोष देण्याचे कारण उरत नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे मालक येथे हमखास फसतात. खालची मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असते, परंतु दारे, पडदा आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच लहान बारा व्होल्टच्या बॅटरीवरच अवलंबून असतात. ती गेली की सगळी गाडीच निपचित पडते.

बॅटरी ठणठणीत असूनही दोन्ही चाव्या चालत नाहीत, आणि तीच गाडी दोनशे मीटर पुढे नेली की चालते, असे झाले तर दोष त्या जागेत आहे. ४३३ मेगाहर्ट्झचा हा पट्टा अनेक घरगुती यंत्रे वाटून घेतात: बिनतारी घंटा, फाटकाचे रिमोट, हवामान दर्शवणारी उपकरणे. त्यातले एखादे बिघडून अखंड बोलत राहिले की शेजारच्या चाव्यांचा क्षीण आवाज दबून जातो. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील नॉर्थ ओल्मस्टेड या उपनगरात २०१९ साली अनेक आठवडे गाड्यांच्या चाव्या आणि गॅरेजची दारे बंद पडली होती. तर्कवितर्कांना ऊत आला. अखेर शोध लागला तो एका हौशी रहिवाशाने घरगुती सोयीसाठी बनवलेल्या उपकरणाचा. आपल्या यंत्रामुळे हे घडते आहे याची त्याला कल्पनाही नव्हती. उपकरण बंद होताच सारे सुरळीत झाले.

करंजाडेच्या रहिवाशांना अशा वेळी विमानतळाची शंका येणे स्वाभाविक आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ येथून हाकेच्या अंतरावर आहे. परंतु वैमानिकांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालते आणि विमानांची ओळख विचारणारी रडार यंत्रणा १०३० व १०९० मेगाहर्ट्झवर. चावीचा पट्टा या दोन्हींपासून दूर आहे. सोसायटीच्या फाटकाचा नवा रिमोट, स्वस्त एलईडी दिव्यांचे चालक किंवा नुकतीच बसवलेली बिनतारी घंटा, यांच्यावर आधी नजर टाकावी. एकेक बंद करून पाहिले की गुन्हेगार सापडतो. तोवर चावी संदेशग्राहकाच्या जवळ, म्हणजे समोरच्या काचेपाशी नेऊन दाबावी. हनुवटीला टेकवून बटण दाबण्याची युक्ती हास्यास्पद दिसते खरी, पण शरीरातील पाण्यामुळे पल्ला थोडा वाढतो.

बिघाड की बनाव?

मॉलच्या वा महामार्गावरील हॉटेलच्या आवारात बंद करण्याचे बटण दाबले आणि गाडीने उत्तर दिले नाही, तर सेलला दोष देऊन निघून जाणे धोक्याचे ठरू शकते. तोच पट्टा मुद्दाम गोंगाटाने भरून टाकणारी उपकरणे चोरांच्या हाती असतात; मालक समजतो गाडी बंद झाली, ती उघडीच राहते. सामी कमकार या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २०१५ मध्ये याहून पुढची पायरी जाहीरपणे दाखवली: गोंगाट करता करता चावीचा न वापरलेला अंक टिपून ठेवायचा व नंतर वापरायचा. स्मार्ट चावीचा धोका आणखी निराळा. झ्युरिकच्या तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा गाड्या केवळ चावीचा संदेश लांबवून उघडून व सुरू करून दाखवल्या होत्या. उपाय साधे आहेत. बटण दाबल्यावर हँडल ओढून पाहावे. गाडी बंद झाली नसेल तर पात्याने बंद करावी. घरी स्मार्ट चावी दाराजवळच्या खुंटीवर न ठेवता आत ठेवावी. सेल वाचवण्यासाठीही हाच सल्ला लागू पडतो, हे वर आलेच आहे.

चावी खरोखरच गेली तर

पट्टीच जळाली किंवा चावी हरवली तर नवी घ्यावी लागते. अधिकृत सेवा केंद्र नोंदणी प्रमाणपत्र व ओळखपत्र मागते, चावी मागवून गाडीच्या संगणकात नोंदवते. त्यात काही दिवस जातात. साध्या चावीला काही हजार आणि महागड्या गाडीच्या स्मार्ट चावीला दहा हजारांच्याही वर खर्च येऊ शकतो. बाहेरचा चावीवाला हेच काम कमी पैशांत करतो आणि पुष्कळदा चांगले करतो. मात्र जो कागदपत्रे न मागता चावी बनवून देतो, तो दुसऱ्यालाही तशीच देत असणार, एवढा विचार करावा. चावी हरवली असल्यास काम झाल्यावर गाडीच्या स्मृतीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते विचारावे व हरवलेली पुसून टाकायला सांगावे. नवी गाडी घेताना चाव्यांसोबत मिळणारी क्रमांकाची छोटी पट्टी बहुतेक जण त्याच जुडग्याला अडकवून ठेवतात; ती घरातील कागदपत्रांत हवी, कारण नवे पाते त्यावरूनच कापले जाते.

हरवल्याची नोंद पोलिसांत करून तिची प्रत जपून ठेवावी. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या भरपाईआधी सर्व मूळ चाव्या मागतात आणि एक कमी असली की प्रश्न सुरू होतात. ती केव्हा व कशी गेली याचा तारखेसह कागद असला तर उत्तर देणे सोपे जाते. बंद पडलेली जुनी चावीही याच कारणासाठी भंगारात टाकू नये. चावी बदलण्याचा खर्च भरून देणारे पूरक संरक्षण अनेक कंपन्या जादा हप्ता घेऊन देतात, पण त्यात वर्षाला किती दावे चालतात आणि नुसता बिघाड धरला जातो की केवळ हरवणे व चोरी, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत पाहावे लागते. सेल संपणे त्यात येत नाही.